गॉसिपला सक्त मनाई

त्या प्रसूतिगृहात तिला सगळे रेडिओमावशी म्हणायचे. हे नाव ज्याने ठेवलं त्याने रेडिओवर अन्यायच केला होता. रेडिओला बटण असतं. मावशीला नव्हतं. सकाळी फाटकातून आत शिरतानाच "काय हो, तुमच्या साडूचं दुकान लागलं का मार्गाला?" असं वॉचमनला विचारत ती सुरू व्हायची, ते जिन्याच्या पायरीपायरीवर एकेक बातमी ठेवत वर जायची. ती वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत खाली रिसेप्शनवरच्या मुलीला आपल्या सख्ख्या मावसबहिणीच्या घरी काय चाललंय हे पहिल्यांदा कळलेलं असायचं.

कामाला ती आया. लेबर रूममधली. म्हणजे बाळंतपणाच्या खोलीत डॉक्टर आणि सिस्टर जे करत नाहीत ते सगळं तिच्याकडे. चादरी बदलायच्या, घोटघोट पाणी पाजायचं, कंबर चोळायची, घाम पुसायचा, बेडपॅन न्यायचं आणि आपला हात पुढे करायचा. कळ आली की बाईला काहीतरी आवळायला लागतंच, आणि पलंगाची दांडी काही उलटून आवळत नाही. मावशीच्या उजव्या हाताची करंगळी किंचित वाकडी होती. "ही एका पैलवानीणबाईची आठवण," ती कौतुकाने दाखवायची. "जुळं होतं. दोघांसाठी वेगवेगळं आवळलं तिने."

आता बडबड्या बायका जगात काही कमी नाहीत. पण मावशीच्या बडबडीला माप होतं, आणि ते माप म्हणजे कळ. तिचा एक हात बाईच्या पोटावर असायचा. पोट कडक व्हायला लागलं की तिचं तोंड उघडलं. कळ चढायला लागली की गोष्टही चढायची. कळ अगदी माथ्यावर आली की गोष्ट अशा जागी येऊन उभी राहायची की तिथून कुणालाही हलता येऊ नये. आणि कळ उतरली की मावशी अर्ध्या वाक्यात गप्प! पेला भरायला लागायची.

"मग?" पलंगावरची बाई विचारायची.

"मग काय मग? पाणी पी आधी."

"अहो मावशी, पण ती सासू खरंच गच्चीवर..."

"येईल ना आता पुढची. तेव्हा सांगते."

पुढची म्हणजे पुढची कळ. त्यामुळे त्या खोलीत एक भलतंच दृश्य दिसायचं. बायका कळेची वाट बघायच्या. वेदनेला भिणाऱ्या पोरीसुद्धा "अजून कशी नाही आली हो?" म्हणून छताकडे बघत पडायच्या.

छोट्या कळांना ती छोटी प्रकरणं काढायची. कुणाची शेजारीण वाटी मागायला आली आणि पातेलं घेऊन गेली, असली. कळा मोठ्या झाल्या की मोठा माल. त्यात दोन भावांनी घराची वाटणी करताना जिनाही वाटून घेतल्याचं प्रकरण तिचं हातखंडा होतं. खालच्या पायऱ्या थोरल्याच्या, वरच्या धाकट्याच्या. धाकटा आपल्या पायऱ्यांवर चढायचा कसा? शिडी लावून! तेवढ्यात डोकं दिसायला लागायचं. बाळाचं.

तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. तिच्या स्वतःच्या बाळंतपणात ती एका भल्यामोठ्या इस्पितळात दिवसभर एकटी पडून होती. वर पंखा फिरत होता. जाणारा-येणारा फक्त एवढंच म्हणायचा, "ओरडू नका हो." मावशी आजही ते सांगताना नाकात बोलून दाखवायची, "ओऽरडू नकाऽ होऽ." "माझ्याशी कुणीतरी काहीही बोलायला हवं होतं," ती म्हणायची. "भाजीचा भाव सांगितला असता तरी चाललं असतं." तेव्हा झालेली मुलगी आता मोठी होऊन सासरी गेली होती. घरी उरला नवरा. तो घड्याळं दुरुस्त करायचा. एका डोळ्याला भिंग लावून बसला की भूकंप झाला असता तरी त्याने आधी स्क्रू घट्ट केला असता. दिवसाकाठी त्याच्या तोंडून एखादं "हं" बाहेर पडायचं, तेही बहुतेक वेळा घड्याळाला उद्देशून.

तर अशा या मावशीचा एकदा पाय घसरला. पाय कसला, जीभच.

झालं असं, की एका बाळंतिणीची सासू डब्यात सूप आणायची. त्या सूपात भाजी नुसती नावाला, असं ती बाळंतीण मावशीकडे रडली. मावशीने ते दोन दिवसांनी दुसऱ्या एका बाईला कळेत सांगितलं, अगदी रंगवून. "सूप कसलं, भाजी धुतलेलं पाणी हो!" ती दुसरी बाई कळेतसुद्धा खदाखदा हसली. घरी गेली. आणि ती निघाली त्या सासूची सख्खी भाची. मग काय! सासू काउंटरवर आली, मागून मुलगा आला, त्याच्या मागून सुनेचे वडील आले, आणि प्रसूतिगृहाच्या काउंटरवर एका सूपावरून दोन घरं भांडली. ती सून मान खाली घालून बाळ घेऊन उभी होती. मावशीने ते बघितलं. त्या दिवशी ती जिना गुपचूप उतरली. वॉचमनला वाटलं, बाईला ताप आहे.

नेमक्या त्याच आठवड्यात नव्या इन्चार्ज सिस्टर आल्या. उंच, इस्त्रीच्या, पेनाला टोपण लावल्याशिवाय न बोलणाऱ्या. त्यांना "दोन गोष्टी" म्हणायची सवय होती. दोन म्हणायच्या आणि निघायच्या तीन.

"मावशी, दोन गोष्टी. एक, पेशंटच्या घरचं काहीही ह्या कानाचं त्या कानाला जाता कामा नये. दोन, लेबर रूममध्ये मला शांतता पाहिजे. आणि पुन्हा असं काही झालं तर तुम्ही कायमच्या लाँड्रीत. हे शेवटचं."

"ह्या तीन झाल्या," मावशी म्हणाली.

"मोजायचं काम तुमचं नाही."

दोन दिवसांत पेंटर येऊन लेबर रूमच्या आत, पलंगावर पडल्या पडल्या दिसेल असा बोर्ड ठोकून गेला. पांढऱ्यावर लाल: 'येथे गॉसिपला सक्त मनाई आहे.' दार उघडं असलं की तो कॉरिडॉरमधूनही दिसायचा. मोठे डॉक्टर त्याच्याखाली उभे राहिले आणि नेहमीप्रमाणे म्हणाले, "हं. छान. बघू." एका नवख्या बापाने तो लांबून वाचला आणि काळजीने सिस्टरना गाठलं. "सिस्टर, आमच्या हिचं गॉसिप आधीच्या दवाखान्यात करून झालंय. पुन्हा लागणार नाही ना?"

मावशी गप्प राहायला लागली. म्हणजे प्रयत्न करायला लागली. हात धरायची, कंबर चोळायची, "हो हो, झालं झालं" एवढंच म्हणायची. खोलीत पंख्याचा आवाज यायला लागला. तिला तो आवाज ओळखीचा होता.

अशातच एका सकाळी प्राध्यापिकाबाई आल्या. पहिलटकरीण, जाड चष्मा, पोटावर पुस्तक. सोबत नवरा. त्याच्या हातात फोन, आणि फोनमध्ये कळा मोजायचं यंत्र. "आत्ताची जरा कमी होती, नाही का?" तो म्हणाला.

"तुला होती का?" प्राध्यापिकाबाईंनी विचारलं.

त्याने फोन खिशात घातला.

मावशी वॉर्डात पाण्याचा तांब्या ठेवायला गेली होती, तेवढंच. "काय शिकवता बाई तुम्ही?" तिने सहज विचारलं.

"जुनी इंग्रजी. हजार वर्षांपूर्वीची."

"ती कोण बोलतं हल्ली?"

"कुणीच नाही."

"अरेरे," मावशी मनापासून हळहळली. "मग शिकून पोरं बोलतात कुणाशी?"

प्राध्यापिकाबाई हसायला लागल्या आणि हसता हसताच त्यांना कळ आली. चेहरा आक्रसला, पुस्तक खाली पडलं, हात हवेत काहीतरी शोधायला लागला. मावशीने हात दिला. आणि हात दिला की तिचं तोंड आपोआप उघडायचं, त्याला ती तरी काय करणार?

"आमच्याकडे एक गृहस्थ आहेत," ती हळूच म्हणाली. "त्यांच्या तोंडाला कुलूप आणि घरातल्या एका कपाटालाही कुलूप. किल्ली कायम कमरेला. बायको विचारते, काय हो त्यात? हा गप्प. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण कपाट काही उघडत नाही. बरं, रोज संध्याकाळी स्वतः आत जातो, खोलीचं दार लोटतो, अन् आतून नुसती किल्ल्यांची खुडबुड. आता बायकोच्या डोक्यात काय काय येणार, तुम्हीच सांगा!"

कळ उतरली. मावशी थांबली.

"मग?" प्राध्यापिकाबाईंचा चष्मा वाकडा झाला होता.

"येऊ दे पुढची."

पुढची आली. त्यात त्या बायकोने एक दिवस काय केलं, ते निघालं. नवरा न्हाणीत जाताना किल्ली साबणाच्या डबीत ठेवायचा. अंघोळ आटपून तो टॉवेल घ्यायला वळला तेवढ्यात हिने किल्ली ओल्या साबणावर दाबून ठसा घेतला. ठशावरून कागदावर चित्र काढलं आणि किल्लीवाल्याकडून दुसरी किल्ली करून आणली. पण एवढ्या धांदलीत एक गोष्ट राहूनच गेली. साबण बदलायचा राहिला.

"आणि दुसऱ्या दिवशी नवरा अंघोळीला गेला, साबणाला हात घातला, बघतो तर..."

"मावशी."

दारात इन्चार्ज सिस्टर. पेनाला टोपण लागलं.

"दोन गोष्टी," त्या म्हणाल्या, पण या वेळी एकच निघाली. "लाँड्री."

मावशीने तांब्या ठेवला. बोलण्यासारखं होतं काय? सूपाचं प्रकरण तिनेच केलं होतं. ती मागच्या जिन्याने खाली गेली. तिथे मोठं मशीन घुर्रर्र करत होतं आणि टेबलावर दुपट्यांचा डोंगर होता. ती घड्या घालायला लागली. वीस वर्षांत त्या दुपट्यात गुंडाळलेलं प्रत्येक मूल आधी तिच्या हातात आलं होतं. आता तिच्याकडे नुसतं दुपटं येणार होतं, गार, साबणाच्या वासाचं. मशीनशी बोलून बघितलं. ते नवऱ्यापेक्षा जास्त बोलायचं, पण ऐकायचं नाही.

इकडे दुपारी प्राध्यापिकाबाईंना लेबर रूममध्ये घेतलं आणि कळांनी जोर धरला.

"अजून जोर करायचा नाही," सिस्टर म्हणाल्या. "नुसता श्वास सोडा. लांब. शांत राहा."

"साबणाचं काय झालं?"

"कसला साबण?"

"त्याने बघितलं का साबणावर?" प्राध्यापिकाबाई दातओठ खात म्हणाल्या. "आईऽऽ गं! बघितलं की नाही त्याने?"

"बाई, श्वास सोडा."

"मी नाही सोडत! आधी सांगा!"

त्यांनी खरंच श्वास धरून ठेवला, अंग ताठ केलं आणि पलंगाची दांडी अशी धरली की दांडीचा रंग निघावा. असं ताठ होऊन चालत नाही. सिस्टरना ते माहीत होतं. त्यांनी सगळं सांगून बघितलं, खांदे सैल, जबडा सैल, डोळे मिटा. शेवटी त्यांनी सकाळी दारातून कानावर पडलेलं आठवलं, इकडेतिकडे बघितलं आणि घसा साफ केला.

"हो. बघितलं त्याने."

"मग?"

"मग... मग तो रागावला. आणि मग कपाट उघडलं. त्यात कपडे होते. संपलं. श्वास सोडा."

प्राध्यापिकाबाईंनी डोळे उघडून सिस्टरकडे अशा नजरेने बघितलं, की कॉपी करताना सापडलेल्या पोराकडे सुद्धा त्या तसं बघत नसतील. "कपडे?"

मोठे डॉक्टर आले, तपासलं. "हं. पेशंट फार ताठ आहे. हं. ती... ती कोण ती? रेडिओ. बोलवा."

"सर, पण मी त्यांना..."

"छान. बघू. बोलवा."

सिस्टर स्वतः गेल्या. मशीनच्या घुर्रर्रमध्ये त्यांना ओरडून सांगावं लागलं. "मावशी, चला! फक्त ह्या पेशंटपुरतं!"

"बोर्डाचं काय?" मावशीही ओरडली.

"दोन गोष्टी!" सिस्टर म्हणाल्या आणि त्यांना दोन्ही आठवेनात. "चला हो!"

मावशी हात धुऊन आली, पलंगापाशी बसली, एक हात पोटावर ठेवला आणि एक हात दिला. करंगळी आधीच बाजूला काढून ठेवली. पोट कडक व्हायला लागलं.

"तर साबण," ती म्हणाली, जणू पाणी आणायलाच गेली होती. "त्याने बघितलं हो. किल्लीचा ठसा, दात्यांसकट. बायको दाराच्या फटीतून बघतेय, काळीज तोंडात आलंय. तो साबण असा उजेडाला धरतो, असा फिरवतो, एक डोळा मिटतो. आणि म्हणतो..."

"काय म्हणतो?"

"हं."

"एवढंच?"

"एवढंच. आणि त्या साबणाने अंघोळ करून ठसा पुसून टाकतो."

प्राध्यापिकाबाई हसल्या, आणि हसताना श्वास आपोआप सुटला, खांदेही उतरले. डॉक्टर म्हणाले, "छान." कळ गेली. मावशीने पेला पुढे केला. पाणी पिता पिता प्राध्यापिकाबाईंची नजर समोरच्या भिंतीवर गेली.

"तो बोर्ड बरोबर नाही," त्या म्हणाल्या.

"स्पेलिंग चुकलंय?" सिस्टरनी घाबरून विचारलं.

"अर्थ. मुळात तो शब्द आहे गॉडसिब. जुन्या इंग्रजीतला. गॉड म्हणजे देव आणि सिब म्हणजे नातलग. मुलाला देवासमोर नेताना जो माणूस त्याची जबाबदारी घ्यायचा, तो त्या आईबापांचा गॉडसिब. बाई असो नाहीतर पुरुष. रक्ताचं काही नाही. देवाच्या साक्षीने झालेलं नातं."

"मानलेलं," मावशी म्हणाली.

"हां! मानलेलं."

"म्हणजे चांगल्या घरातली आहे की ही!" मावशीने त्या शब्दाला तिथल्या तिथे बाई करून टाकलं. "मग बिघडली कशी?"

"येऊ दे पुढची," प्राध्यापिकाबाई म्हणाल्या.

मग त्या खोलीत असा काही कारभार सुरू झाला, की कळ असेपर्यंत मावशीचं कपाट आणि कळ उतरली की प्राध्यापिकाबाईंचा शब्द. दोघी एकमेकींना अडवून धरत होत्या. बायको किल्ली घेऊन कपाटापाशी गेली, किल्ली आत गेली, पण फिरेना. अर्ध्यात अडकली! तेवढ्यात जिन्यावर नवऱ्याची पावलं! कळ उतरली.

"बोला आता तुम्ही," मावशी म्हणाली. "काय झालं पुढे तिचं?"

"मधला 'ड' गळून गेला," प्राध्यापिकाबाई धापा टाकत म्हणाल्या. "बोलताना लोक गाळतात तसा. आणि देवही हळूहळू मागे पडला. गॉसिप म्हणजे नुसती जवळची मैत्रीण. अगदी घरातलीच म्हणावी अशी."

"देवाचं सोडलं, पण नातं सांभाळलं. चांगलंय की. मग?"

"मग... थांबा... आली!"

ही फार मोठी होती. मावशीने गोष्टीतल्या नवऱ्याला जिन्यात चपला काढायला लावल्या, बायकोला किल्ली खेचायला लावली, किल्ली निघेना. प्राध्यापिकाबाई ओरडल्या, मावशी त्यांच्यापेक्षा मोठ्याने ओरडली, "खेच गं बाई, खेच!" आणि सिस्टरही नकळत म्हणाल्या, "अहो, डावीकडे फिरव म्हणावं!"

कळ उतरली. मावशीने सिस्टरकडे बघितलंच नाही. काही गोष्टी न बघण्यातच शहाणपणा असतो.

"मग," प्राध्यापिकाबाई घामाघूम होऊन म्हणाल्या, "कुणी बाळंत व्हायची वेळ आली, की ह्या मैत्रिणींना बोलावणं जायचं. सगळ्या बायका खोलीत. पुरुष दाराबाहेर. त्या बायकांना म्हणायचे गॉसिप. हात धरायच्या, पाणी पाजायच्या, रात्रंदिवस बसायच्या, आणि..."

"बोलायच्या," मावशी म्हणाली. "मुकाट्याने कधी कुणाचा हात धरता येतो का?"

दारावर टकटक झाली. दार किलकिलं झालं आणि फटीतून नवऱ्याचं नाक दिसलं. "सगळं ठीक आहे ना? हसण्याचा आवाज येतोय. काय चाललंय आत?"

"गॉसिप!" प्राध्यापिकाबाई किंचाळल्या. "बाहेर थांब!"

दार लागलं.

"बघितलंत?" त्या म्हणाल्या. "हे मात्र पुस्तकात नाही, हा माझा अंदाज. दाराबाहेर उभ्या असलेल्यांना आतलं नुसतं कुजबुजणं आणि हसणं ऐकू येणार. त्यांना वाटलं असणार, आपल्याबद्दलच चाललंय. पुढे बडबडी बाई म्हणजे गॉसिप झालं, आणि नंतर ती जे बोलते तेच गॉसिप. आधी नातं, मग माणूस, मग त्याची बडबड, आणि आता हा बोर्ड."

मावशीने बोर्डाकडे बघितलं. ती लाल अक्षरं तिला आजवर नुसती चीड आणायची. आता तिला त्या शब्दाची दया आली. "काय हे नशीब," ती हळहळली. "देवाघरची सोयरीक, आणि शेवटी बेडपॅनच्या कपाटावर टांगली बिचारीला."

"दोन गोष्टी," सिस्टर म्हणाल्या. आवाज नेहमीचाच, पण टोपण कुठे ठेवलं ते त्यांना सापडत नव्हतं. "एक, शब्द कुठून का आलेला असेना, ती सूपाची तक्रार खरी होती. एका पोरीला घरात मान वर करायची सोय राहिली नाही. दोन..."

"खरीच होती," मावशी म्हणाली. "त्यावर मला बोलायला तोंड नाही, सिस्टर."

सिस्टर यावर काहीतरी म्हणणार होत्या, पण डॉक्टर म्हणाले, "हं! आता जोर करा." मग कपाट राहिलं, शब्द राहिला, आणि खोलीत "जोर करा, अजून, अजून थोडं, पोरी, बास, बास, आलं" एवढंच उरलं. बाई म्हणता म्हणता मावशी पोरी म्हणायला लागली होती, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. मुलगी झाली. आली तीच मुठी आवळून ओरडत.

"आईवर गेलीय," मावशी म्हणाली. "हिलाही काहीतरी विचारायचंय."

प्राध्यापिकाबाईंनी मुलीला छातीशी घेतलं आणि साबण, किल्ली, कपाट, हजार वर्षांपूर्वीची भाषा, सगळं साफ विसरून गेल्या. नेहमी असंच व्हायचं. मावशीच्या निम्म्या गोष्टींचा शेवट कुणी ऐकलेलाच नव्हता. तिला त्याचं वाईटही वाटत नसे. गोष्ट तेवढ्यापुरतीच असायची. तिने चादर गोळा केली, वापरलेली दुपटी कडेवर घेतली आणि निघाली लाँड्रीकडे. 'ह्या पेशंटपुरतं' म्हटलं होतं. पेशंट मोकळी झाली.

मागच्या जिन्यात तिला मागून पावलं ऐकू आली.

"मावशी."

"आले, सिस्टर. जातेच आहे लाँड्रीत."

इन्चार्ज सिस्टर दोन पायऱ्या वर उभ्या होत्या. त्यांनी वर बघितलं, खाली बघितलं, कुणी नाही याची खात्री केली.

"ती किल्ली निघाली का?"

मावशीने दुपटी दुसऱ्या कडेवर घेतली. मनात आलं, म्हणावं, बोर्ड आहे ना सिस्टर! जिभेच्या टोकावर आलंच होतं. पण पुढे आलेला हात ती कधी नाकारत नसे, आणि हे तसंच काहीतरी होतं.

"निघाली. हिने कशीबशी ओढून काढली आणि पिठाच्या डब्यात लपवली. नवरा आत आला, कपाटाकडे बघितलं, हिच्याकडे बघितलं. काही नाही. दुसऱ्या दिवशी तो कामाला गेल्यावर हिने पुन्हा किल्ली काढली, लावली, तर लोण्यात सुरी फिरावी तशी फिरली! कपाट उघडलं."

"काय होतं?"

"घड्याळं. वरपासून खालपर्यंत. लोकांनी दुरुस्तीला दिलेली आणि न्यायला न आलेली. कुणी विसरलं, कुणी गाव सोडून गेलं, कुणी जगातूनच गेलं. आणि सगळी चालू. टिकटिकटिकटिक, नुसता कल्लोळ. रोज संध्याकाळी तो त्यांना किल्ली द्यायचा. का, तर माणूस कधीही परत आला तर त्याच्या हातात बंद घड्याळ ठेवायचं का, म्हणून."

सिस्टरनी बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाल्या, "पण किल्ली आदल्या दिवशी फिरली नव्हती."

"तेच तर! हिने किल्ली उजेडात धरून बघितली. दात्यांवर कानशीचे ताजे ओरखडे. त्याने पिठाच्या डब्यातून किल्ली शोधून काढली होती, जिथे अडकत होती तिथे घासली होती आणि परत पिठात ठेवून दिली होती. तोंडाने एक अक्षर नाही."

"मावशी," सिस्टरचा आवाज पुन्हा इस्त्रीचा झाला. "दोन गोष्टी. ही कुणा पेशंटच्या घरची गोष्ट आहे?"

"नाही."

"मग कुणाच्या घरची?"

"माझ्या," मावशी म्हणाली. "किल्ली अजून पिठाच्या डब्यातच आहे. त्याला माहितीय की मला माहितीय. बोलायचं काय त्यात?"

सिस्टर एक पायरी खाली आल्या. मावशीच्या कडेवरची दुपटी त्यांनी आपल्या हातात घेतली, तीही नीट, कडेला कडा जुळवून. "एक. इथल्या कुठल्याही बाईचं, तिच्या सासूचं, तिच्या सूपाचं एक अक्षरसुद्धा दुसऱ्या बाईपर्यंत जाणार नाही."

"नाही जाणार. माझंच पुष्कळ आहे, आणखी वीस वर्षं पुरेल."

"दोन. उद्या सकाळी लेबर रूम."

"आणि तिसरी?"

"तिसरी काही नाही," सिस्टर म्हणाल्या आणि दुपटी घेऊन लाँड्रीकडे उतरल्या.

बोर्ड मात्र त्यांनी फेकला नाही. त्याचे पैसे भरलेले होते आणि त्या काही फेकणाऱ्यातल्या नव्हत्या. पेंटर पुन्हा आला, स्क्रू काढले, आणि बोर्ड खोलीतून निघून दाराबाहेर, बाकाच्या वर लागला. त्या बाकावर नवरे बसतात. ते येतात, लाल अक्षरं वाचतात, खिशातला फोन काढता काढता परत ठेवतात आणि हात मांडीवर घेऊन गुपचूप बसतात. आणि दाराच्या आड कुणीतरी धापा टाकत विचारतं, "मग?"